ओतप्रोत

"फार विचार करू नकोस, डोकं फुटेल." आजी हे म्हणायची तेव्हा तिच्या हातात बहुतेक कापूस असायचा. दुधाचं बोट लावून ती वात वळायची आणि बोलणं तिथंच संपायचं. मला ती दटावणी वाटायची.

बृहदारण्यक उपनिषदातल्या एका वादसभेत याज्ञवल्क्य गार्गीला जवळजवळ हेच सांगतो. पाणी कशात विणलंय, वारा कशात, नक्षत्रं कशात, असं विचारत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते. तिथं तो तिला अडवतो: आता थांब, नाहीतर डोकं गळून पडेल. ती थांबते, आणि त्याच सभेत पुन्हा उभी राहते.

तिचं ते विचारणं 'ओतप्रोत' या शब्दात आहे. आपण तो 'काठोकाठ भरलेलं' अशा अर्थाने वापरतो, पण मुळात तो विणकराचा शब्द, उभ्याआडव्या धाग्यांचा. येवल्याला एकदा माग पाहिला होता. केसासारखे ताण्याचे धागे, त्यांत रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या, आणि बोटाएवढा मोर उमटायला लागलेला वेळ. विणकराने पदर उलटा करून दाखवला. मोर मागूनही तसाच होता.

त्या पदराला हात लावताना ताराबाई शिंदे आठवल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. बायको गेली की पुरुषाला दुसरी चालते, मग नवरा गेला की बाईला का नाही? जे दोष बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत का? गार्गी विश्व कशावर तोललंय ते विचारते, ताराबाई घर कुणाच्या पाठीवर तोललंय ते. एकाच पदराच्या या दोन बाजू, असं म्हणावंसं वाटतं.

पण म्हणवत नाही. गार्गीला हजार गायींच्या पैजेची भरली सभा होती, आणि शेवटी याज्ञवल्क्याला कुणी जिंकणार नाही असं सांगून ती आपणहून गप्प झाली. ताराबाईंच्या बाजूने जोतीराव फुले बोलले खरे. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. एकीच्या गप्प होण्यात समाधान होतं की सावधपणा? दुसरी गप्प झाली, की तिला कुणी विचारलंच नाही?

त्या सभेत डोकं गळून पडलं ते शाकल्याचं, एका पुरुषाचं. मग ती ताकीद गार्गीला गप्प करायला होती, की जपायला?

आजीलाही हे विचारायचं राहून गेलं. तीही कधीतरी काही विचारायला उठली असेल, आणि तिला कुणीतरी हेच ऐकवलं असेल. वात वळताना ती माझ्याकडे पाहायची नाही, कापसाकडेच पाहायची.