घड्याळाचे हात, सुईचा डोळा

मित्र-मैत्रिणींनो, 'फिगर्स ऑफ स्पीच' म्हटलं की तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या पोटात गोळा येतो, हो ना? सिमिली, मेटॅफर, ऑनोमॅटोपिया... नावं घेतानाच जीभ अडखळते. मग गाइडमधल्या व्याख्या घोकायच्या आणि पेपर झाला की विसरायच्या!

पण थांबा. पोटात खरोखरच गोळा आला असता, तर डॉक्टरांकडे धावावं लागलं असतं! भीती दिसत नाही, म्हणून आपण तिचं चित्र काढलं. इंग्रजी अलंकारही हेच करतात.

आजी म्हणते, "पोर कशी फुलासारखी आहे!" 'सारखी' शब्द आला, ही झाली उपमा, म्हणजे सिमिली. इंग्रजीत तिथे 'लाइक' किंवा 'ॲज' येतं. 'सिमिलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'सारखा'. आजी म्हणाली, "पोर म्हणजे फूल आहे नुसतं!" आता 'सारखी' गेलं, पोर हेच फूल झालं. हे रूपक, मेटॅफर. आई रागावते, "हजारदा सांगितलं तुला!" ती खरंच मोजते का? ही अतिशयोक्ती, हायपरबोली. इंग्रज आईसुद्धा अगदी हेच म्हणते, 'अ थाउजंड टाइम्स'! आणि ऑनोमॅटोपिया म्हणजे आवाजावरून केलेला शब्द. आपला कुत्रा 'भू भू' करतो, इंग्रजीतला 'बाउ-वाउ'. आपला कोंबडा 'कुकूच कू' म्हणतो, त्यांचा 'कॉक-अ-डूडल-डू'. कोंबडा मात्र दोन्हीकडे तसाच आरवतो बरं का!

खरी गंमत पुढेच आहे. वस्तू एकच, पण प्रत्येक भाषेला तिच्यात वेगळं काही दिसतं. घड्याळात आपल्याला काटे दिसले, इंग्रजांना हात. सुईच्या भोकाला आपण नाक किंवा नेढं म्हणतो, ते म्हणतात डोळा. नदी आपल्याकडे 'पात्रातून', म्हणजे भांड्यातून वाहते, त्यांच्याकडे ती 'बेड'वर, अंथरुणावर असते. जोराचा पाऊस त्यांच्याकडे मांजरं आणि कुत्रे होऊन पडतो, आपल्याकडे मुसळाएवढ्या धारांनी. म्हणून तर मुसळधार!

माझ्या वर्गातला एक मुलगा इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नसे. एकदा मी फळ्यावर 'ॲज व्हाइट ॲज...' लिहून गाळलेली जागा भरायला सांगितली. पुस्तकात उत्तर होतं 'स्नो', म्हणजे बर्फ. त्याने लिहिलं 'कॉटन'. मुलं हसली. पण आमच्या गावाभोवती सगळी कपाशीच! बर्फ त्यानं कधी पाहिला नव्हता, वेचणीच्या दिवसांतलं पांढरंशुभ्र रान मात्र रोज पाहिलं होतं. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि वर्गाला सांगितलं, "'स्नो' हा इंग्रजीतला रुळलेला शब्दप्रयोग आहे, तो माहीत हवाच. पण 'कॉटन' ही याची स्वतःची उपमा आहे." त्या दिवसापासून तो तासाला हात वर करू लागला.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. रुळलेले शब्दप्रयोग जसेच्या तसे शिकायचे. 'मुसळधार'चं शब्दशः इंग्रजी केलंत, तर इंग्रज माणूस गोंधळून जाईल! पण नवी उपमा मात्र बेधडक स्वतःच्या डोळ्यांनी शोधायची. त्यासाठी परदेशातला बर्फ कशाला हवा?

आणि पालकांनो, मुलांचं उत्तर पुस्तकाबाहेरचं आलं तर लगेच खोडू नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा.

या आठवड्यात आई, बाबा, आजी, शेजारच्या काकू यांच्या बोलण्यातले पाच अलंकार वहीत टिपा. प्रत्येकापुढे लिहा, सिमिली की मेटॅफर की हायपरबोली. व्याख्या घोकायची गरजच उरणार नाही. बघा तर करून!