जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलताना

लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येईल की नाही, हे तो मदरबोर्डवर कसा बसवला आहे यावरून ठरते. इंटेलने २०१३ साली बाजारात आणलेल्या चौथ्या पिढीपर्यंत लॅपटॉपचे बरेचसे प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांच्या चौकोनी बैठकीत, आपल्या शेकडो पिनांसह बसवलेले असत आणि बैठकीच्या कडेचा एक स्क्रू अर्धा फिरवला की ते हाताने अलगद उचलून घेता येत. त्याच काळात पातळ यंत्रांसाठी मदरबोर्डवर थेट सोल्डर केलेले प्रोसेसरही तयार होत होते, आणि पाचव्या पिढीपासून इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत हीच पद्धत उरली. त्यामुळे येथे जे सांगायचे आहे ते एका ठरावीक कालखंडातल्या यंत्रांनाच लागू पडते. मात्र अशी यंत्रे आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत आणि त्यांना भंगारात काढण्याची घाई सर्रास होते, म्हणून हा विषय सविस्तर मांडण्याजोगा वाटतो.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव लेनोव्होच्या थिंकपॅड टी४३० या २०१२ सालच्या लॅपटॉपचा आहे. कंपन्यांच्या कार्यालयांतून भाडेकरार संपल्यावर बाहेर पडलेली अशी यंत्रे भारतातल्या जुन्या संगणकांच्या बाजारात वर्षानुवर्षे विकली जात आली असून हे यंत्रही त्याच वाटेने हाती आले. त्यावर चालणारे मुख्य काम म्हणजे जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांतला मजकूर अक्षरओळख करून शोधता येईल अशा रूपात आणणे. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे, पण जोडाक्षरांनी भरलेले, फिकट छपाईचे पान ओळखताना प्रोसेसरचा कस लागतो आणि एखादा जाड दिवाळी अंक लावून दिला की यंत्र दीर्घकाळ पूर्ण भाराखाली राहते. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे आणि मेमरी वाढवणे हे दोन्ही उपाय त्याआधीच झालेले होते. ते आधीच व्हायला हवेत, कारण यंत्र सुरू व्हायला किंवा फाइल उघडायला लागणारा वेळ ही बहुतेकांची तक्रार असते, तिचे मूळ सहसा प्रोसेसरमध्ये नसते आणि एसएसडीने जो फरक पडतो तो कोणत्याही प्रोसेसरने पडत नाही.

खरा विचार करावा लागला तो निवडीचा. यंत्रात मुळात कोअर आय५-३३२०एम हा प्रोसेसर होता. त्यात दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारे दोन गणनघटक असतात, त्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ असतो आणि भार कमी-अधिक होईल तसा तो ३.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो. त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या चार कोअरच्या प्रोसेसरांपैकी आय७-३७४०क्यूएम अधिक वेगवान खरा, पण त्याची उष्णतामर्यादा ४५ वॉट आहे. ही मर्यादा म्हणजे दीर्घ भाराखाली प्रोसेसर किती उष्णता बाहेर टाकेल याचा कंपनीने ठरवलेला आकडा, आणि यंत्रातला पंखा व तांब्याची उष्णतावाहक नळी याच आकड्याच्या हिशेबाने घडवलेली असते. आय५-३३२०एमची मर्यादा ३५ वॉट होती, त्यामुळे ४५ वॉटचा प्रोसेसर त्याच शीतकाखाली बसवल्यास तो तापून आपला वेग आपणच उतरवण्याची शक्यता दाट होती. म्हणून निवड झाली ती आय७-३६३२क्यूएमची, ज्यात चार कोअर आणि ६ मेगाबाइट कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच अतिवेगवान स्मृती असूनही मर्यादा ३५ वॉटच आहे. या काटकसरीची किंमतही आहे: त्याचा मूळ वेग २.२ आणि कमाल वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे दोन्ही आकडे जुन्या प्रोसेसरपेक्षा कमी. जे काम एकाच कोअरवर चालते त्यात या बदलाने काहीच पदरात पडत नाही, आणि नावातला ‘आय७’ पाहून पैसे मोजणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवे.

असे प्रोसेसर आता नवे मिळत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत किंवा ऑनलाइन विक्रेत्यांकडे दुसऱ्या यंत्रांतून काढलेले मिळतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्या काळातली काही मॉडेले एकाच नावाने पिनांच्या आणि सोल्डरच्या अशा दोन्ही रूपांत निघत असत, तेव्हा खालची बाजू पाहिल्याशिवाय सौदा करू नये. त्याच बाजूला पिनांच्या रांगा तिरक्या नजरेने तपासल्या की एखादी वाकलेली पिन लगेच उठून दिसते. आणि वरच्या सांकेतिक अक्षरांची सुरुवात इंग्रजी ‘एसआर’ने होते का हे पाहावे, कारण ‘क्यू’ने सुरू होणारे नग चाचणीसाठी बनवलेले असतात, ते स्वस्तात खपवले जातात आणि बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वप्रथम चालणारी मूळ आज्ञावली, त्यांना ओळखेलच याची खात्री नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे सॉकेट एकच असले तरी बायॉस मधे आडवा येऊ शकतो, म्हणून सॉकेटबरोबर बायॉसचीही खातरजमा आधी केलेली बरी.

प्रत्यक्ष खोलकाम या यंत्रात अवघड नाही. बॅटरी काढून, खालचे स्क्रू सोडवून कीबोर्ड आणि हात टेकण्याची पट्टी उचलली की पंखा व शीतक समोर येतो. शीतकाखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि तांबे यांच्यातली सूक्ष्म पोकळी भरून उष्णता वाहून नेणारा लेप, इतक्या वर्षांत वाळून करडा आणि ठिसूळ झालेला होता, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने तो पुसताच खालचा सिलिकॉनचा आयताकृती तुकडा आरशासारखा लखलखू लागला. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर असते तसे धातूचे झाकण येथे नसते. शीतक थेट या उघड्या तुकड्यावर टेकतो, त्यामुळे एका बाजूचा स्क्रू आधी आवळला गेला तर त्याचा कोपरा उडू शकतो. सारे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत, हा नियम त्यासाठीच आहे. सॉकेटवर उघड्या आणि बंद कुलपाची चिन्हे असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो ठेवला की स्वतःच्या वजनानेच खाली बसतो. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे असे समजून थांबावे.

बायॉसच्या पडद्यावर नव्या प्रोसेसरचे नाव उमटले आणि लिनक्समध्ये आठ थ्रेड दिसू लागले. थ्रेड म्हणजे कामाचा एक स्वतंत्र प्रवाह, आणि या प्रोसेसरचा प्रत्येक कोअर असे दोन प्रवाह हाताळतो. अक्षरओळखीत प्रत्येक पान वेगळ्या थ्रेडकडे सोपवता येते, म्हणून तेथे फरक ठळक पडला आणि पूर्वी लागणाऱ्या वेळाच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेळात तोच अंक तयार होऊ लागला. कोअर दुप्पट होऊनही वेळ नेमका निम्मा का झाला नाही, याचे उत्तर वर दिलेल्या कमी वेगाच्या आकड्यांत आहे. लेख लिहिणे, संकेतस्थळे पाहणे, पत्रव्यवहार करणे या नित्याच्या कामांत मात्र काहीही बदल जाणवला नाही. चित्रांचे काम पाहणारा एचडी ४००० हा ग्राफिक्स घटक दोन्ही प्रोसेसरांत एकच असल्याने त्यातही सुधारणा होण्याचा प्रश्न नव्हता. ताज्या लेपामुळे आणि धूळ काढलेल्या पंख्यामुळे एरवीचे तापमान उतरले, पण पूर्ण भाराखाली पंखा आधीपेक्षा अधिक वेळ गरगरत राहतो. या यंत्राच्या शीतकाची ताकद तेवढीच आहे.

विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. हा अडसर या सॉकेटमध्ये बसणारा कोणताही प्रोसेसर दूर करू शकत नाही, तेव्हा अशा यंत्रावर खर्च करण्याआधी लिनक्सवर आपले काम भागेल का हे पाहून घ्यावे. ज्यांचे काम अनेक कोअरांत विभागता येते, ज्यांच्या यंत्रात एसएसडी आणि पुरेशी मेमरी आधीच आहे, त्यांनी हा बदल जरूर करावा. इतरांनी पंखा साफ करून नवी थर्मल पेस्ट लावण्यावर थांबावे. नवा लॅपटॉप घेणाऱ्यांना प्रोसेसर बदलण्याची मुभा आता उरलेलीच नाही, आणि पुष्कळ यंत्रांत मेमरीही सोल्डर केलेली असते. म्हणून निदान मेमरी, एसएसडी आणि बॅटरी पुढे बदलता येतील का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला स्पष्ट विचारावे.