कुलूप नसलेला फोन

माझा जुना फोन निकामी झाला, तेव्हा दुकानदाराने दोन नवे फोन पुढे मांडले. एक फारच स्वस्त. पण त्यात एकाच कंपनीचे सिमकार्ड चाले. दुसरा थोडा महाग. मात्र त्यात कोणत्याही दोन कंपन्यांची कार्डे चालत. मी विचारात पडलो.

असे बंधन काही नवे नाही. 2007 साली अमेरिकेत आलेला पहिला आयफोनही एकाच कंपनीच्या सेवेशी जखडलेला होता. आपल्याकडे 20 जानेवारी 2011 पासून आपला क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. पण फोनलाच कुलूप असेल, तर त्या सोयीचा उपयोग काय?

अर्थात दुसऱ्या फोनमध्येही उणिवा होत्याच. साठवणीची जागा 32 जीबी. तीतही बरीचशी फोनच्या स्वतःच्या कामासाठी अडलेली. मंद उजेडात छायाचित्रे पुसट येत. सुरक्षेच्या सुधारणा दोनच वर्षे मिळणार होत्या.

इतक्यात मला गेल्या पावसाळ्यातील ती रात्र आठवली. कोकणातल्या आमच्या घरी आईला सडकून ताप भरला होता. माझ्या फोनला रेंज नव्हती. भर पावसात शेजारच्या काकांना उठवले, त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून डॉक्टरांना बोलावले.

माझा विचार ठरला. आता दिवेलागणीला तुळशीपाशी उभ्या असलेल्या आईचे छायाचित्र पुसटच येते. पण गावी गेलो, की मला निर्धास्त झोप लागते.