डावा चॅनल मुका

स्टिरिओ अँप्लिफायरचा फ्यूज लावला की उडतो. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर उठणं. मुळीच करू नये.

सिरीज लॅम्प काढला. १०० वॅटचा, तारेचा जुना बल्ब. इथे एलईडी कामाचा नाही. अँप्लिफायर धड असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. हा लख्खच राहिला. दोन्ही बोर्डांचा सप्लाय सोडवला. एकटा उजवा जोडला, मंद. एकटा डावा, लख्ख. स्पीकर अर्थातच काढून ठेवलेले. आउटपुटला ३५ व्होल्ट डीसी आले तर वूफरची कॉइल गेलीच.

बंद केल्यावरही हात घालायची घाई नको. १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर भरलेले असतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढण्याची पद्धत मला पसंत नाही. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरावा, मग मीटरवर खात्री करावी.

२एन३०५५ बोर्डावरून काढून तपासला. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्य. जोडीचा एमजे२९५५ही तसाच. ०.३३ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर ओपन. पुष्कळ जण इथेच थांबतात, नवी जोडी टाकतात आणि तीही चालू करताच जाते. जळालेला भाग बहुतेकदा बळी असतो. त्याला कोणी मारलं, ते अजून कळलेलं नसतं.

स्टिरिओचा मोठा फायदा: सर्किट डायग्राम नसला तरी उजवा चॅनल आहे. बंद अवस्थेत एकेक जागा दोन्हीकडे मोजत गेलो. बायस ट्रान्झिस्टरच्या प्रिसेटपाशी फरक सापडला. उजवीकडे स्थिर आकडा, डावीकडे ओपन. स्क्रू हलवला की आकडा येतो, पुन्हा जातो. कार्बनची पट्टी झिजलेली.

आणि हा प्रिसेट बसवलाय कुठे, तर बायस ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरच्या मध्ये! तिथे तो ओपन झाला की तो ट्रान्झिस्टर बंद पडतो, बायस वाढतो, दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकदम चालू होतात आणि तापून मरतात. बेस-एमिटर बाजूला असता, तर ओपन होऊन बायस फक्त कमी झाला असता: हळू आवाजात थोडी खरखर, बाकी सगळं शाबूत. एका पैशाचाही जादा खर्च नव्हता. याचा मला खरोखर राग येतो.

लॅमिंग्टन रोडला काय, पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, पॉवर ट्रान्झिस्टर ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. नकली मालावर छपाई झकास असते, आत चिप मात्र बारकी.

ड्रायव्हरही बदलले, त्यांनी मार खाल्लेला असतो. प्रिसेट मल्टिटर्न घेतला. तो आणि फिक्स रेझिस्टर यांच्या जागा बदलल्या, व्हॅल्यू नव्याने काढल्या. अभ्रकाचा वॉशर, दोन्ही बाजूंना कंपाउंड. ट्रान्झिस्टरची बॉडी हीटसिंकला टेकत नाही ना, ते मीटरने पाहिलं. प्रिसेट पूर्ण रोधावर ठेवून सिरीज लॅम्पवरच चालू केलं. बल्ब मंदावला. आउटपुटला डीसी १२ मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असलं की झालं. मग बल्ब काढून ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट लावले, म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर. हीटसिंक तापल्यावर पुन्हा मोजायचे.

उजव्या बोर्डाचा प्रिसेट त्याच वयाचा, त्याच चुकीच्या जागी. आज तो चालतोय, तरी स्पीकर जोडण्याआधी तोही बदलायचा.