रुतलेले चाक

मराठी मनात रथाचे एक चाक कायमचे रुतून बसले आहे. महायुद्धाच्या सतराव्या दिवशी कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले. तो खाली उतरला आणि दोन्ही हातांनी ते उपसू लागला. त्या बळाने पृथ्वीच चार अंगुळे वर उचलली गेली, पण चाक काही सुटले नाही, असे महाभारत सांगते. शापाची कथा क्षणभर बाजूला ठेवली, तर या वर्णनात एक निखळ व्यावहारिक सत्य उरते. बळ अपुरे नव्हते. ते जिथे लावायचे ती जागा चुकली होती, आणि शत्रू समोर उभा असताना थांबायला सवड नव्हती.

कुरुक्षेत्राच्या पूर्वेने वाहत यमुना दिल्लीला येते. दिल्लीच्या उत्तरेस बुराडी आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले ते इथल्याच नदीकाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. इब्राहिमखान गारद्याच्या अवजड तोफा आणि अब्दालीच्या उंटांवरच्या हलक्या जंबुरका यांच्यातला फरक इतिहासकार आजही मांडतात. वजन आणि वेग यांचे ते जुने भांडण आहे. जड वस्तूला जमीन आपली म्हणते.

नदीच्या पूरक्षेत्राला इथे खादर म्हणतात. पावसाळ्यात पाणी पसरते, ओसरताना वाळू आणि गाळ यांचे थर मागे ठेवते. वरून सुकून भेगाळलेली माती पाहून पाऊल निर्धास्त पडते. खाली मात्र ओल दडलेली असते. हिवाळ्यातल्या एका रविवारी, धुके अजून विरले नव्हते तेव्हा, अशाच एका जागी जीप रुतली. चार तरुण होते. त्यांतला एक चाक फिरवत राहिला आणि प्रत्येक फेऱ्यासरशी जीप बोटभर खाली जात राहिली. दुसऱ्याने आपली गाडी समोर आणली आणि मागे ट्रेलर जोडण्यासाठी जो लोखंडी गोळा असतो त्याला दोरखंड अडकवला.

“थांबा,” असा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण त्याला आज्ञेची सवय होती.

सातारकडचा हा निवृत्त सुभेदार त्या तरुणांपैकी एकाचा मामा. लष्कराच्या ईएमई दलात, म्हणजे १९४३ साली स्थापन झालेल्या आणि ‘कर्म ही धर्म’ हे ब्रीद मिरवणाऱ्या दलात, त्याने नादुरुस्त आणि रुतलेली वाहने ओढून आणण्यात उमर घालवली होती. त्याने आधी सर्वांना दोरापासून दूर नेले. मग भाच्याला म्हणाला, “बाळा, तो गोळा ओढायला असतो, हिसका सोसायला नाही. तो तुटला तर तोफगोळाच होतो.”

“पण मामा, दोर चांगला आहे.”

“म्हणूनच भीती. चांगला दोर ताणतो, आणि ताण साठवतो.”

एवढे बोलून त्याने फावडे मागितले. चाकांपुढची माती उतरती काढली, पोटाखाली टेकलेली वाळू उपसली. टायरमधली हवा तीसवरून सोळा पौंडांवर आणली. टायर पसरला की तेच वजन अधिक जमिनीवर वाटले जाते आणि चाक मातीत शिरण्याऐवजी तिच्यावर चालू लागते. चाकांखाली गोणपाट सरकवले. जाता जाता तो शिकवतही होता: नायलॉनचा ताणला जाणारा दोर हिसक्यासाठी, न ताणणारा पट्टा संथ ओढण्यासाठी, शॅकलची खीळ पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायची, नाहीतर ओढीनंतर ती सुटत नाही, विंचच्या तारेवर ओले पोते टाकायचे, म्हणजे तुटलेले टोक उसळण्याऐवजी खाली पडते, कप्पीतून तार परत आणली तर वेग निम्मा होतो, पण ओढ दुप्पट होते, आणि झाड नसेल तिथे स्टेपनी पुरून तिलाच खुंट करायचे.

झाडाचा विषय निघाला तसा तो थबकला. अरवलीत मांगर बनीला धौ वृक्षांचे जुने राखलेले रान आहे. आसपासचे गावकरी श्रद्धेने तिथली फांदी तोडत नाहीत. खाणींनी पोखरलेल्या या डोंगररांगांत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये खाणकाम थांबवले. धौ फार सावकाश वाढतो. उघडी तार बुंध्याला वेढली की साल कापली जाते, आणि साल चहूबाजूंनी गेली की झाड उभ्या उभ्या मरते. “रुंद पट्टा बांधावा,” तो म्हणाला, “आणि असल्या रानात तर गाडीच घालू नये. आपण मजेसाठी रुततो. त्याने का मरावे?”

भाच्याने चावी फिरवली. दुसऱ्या गियरवर, अगदी हळू, जीप वर आली. दोर लागलाच नाही.

परतताना भाच्याने विचारले, मामा एवढा का घाबरला होता. सुभेदार बराच वेळ यमुनेकडे पाहत राहिला. मग त्याने सांगितले की भरती होण्याआधी, उसाच्या हंगामात, गावच्या काळ्या रानात ट्रॉली रुतली होती. लोक ओरडत होते, कारखान्याची पाळी चुकत होती. थोरल्या भावाने साखळी बांधली. दुसऱ्या ट्रॅक्टरने हिसका दिला आणि साखळी तुटली. भाऊ मध्ये उभा होता.

“अर्धा तास खणले असते,” तो म्हणाला, “तर ट्रॉली निघाली असती.”

भाचा काही बोलला नाही. आईच्या घरी भिंतीवर हार घातलेला एक फोटो त्याने लहानपणापासून पाहिला होता. त्याखालची कथा त्याला कोणी सांगितली नव्हती. त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि टायरमध्ये पुन्हा हवा भरू लागला. सुभेदार फावड्याची माती गवतावर पुसत होता. कर्णाला मिळाली नव्हती तेवढी सवड त्या सकाळी दोघांपाशी होती.