परतीची भेट

सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्ग हा खाणींचा, कडाक्याच्या थंडीचा डोंगराळ मुलूख. नोव्हेंबर सरता सरता तेथील घराघरांत ‘श्टोलन’ची तयारी सुरू होई. श्टोलन म्हणजे बदाम-बेदाणे घातलेला नाताळचा लांबट, जड पाव. खाणीतल्या आडव्या बोगद्यालाही जर्मन भाषेत हाच शब्द आहे. बेदाणे रममध्ये भिजत, बदाम सोलले जात आणि सारे जिन्नस हातगाडीवर घालून गृहिणी गावातल्या बेकरीत नेत. भट्टी बेकरीवाल्याची, ऐवज घरचा. एकाचा पाव दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून प्रत्येकावर नाव असलेला पत्र्याचा लहानसा तुकडा खोचला जाई. परतताना पाव मोडला तर येत्या वर्षी घरात मृत्यू होतो, अशी समजूत असल्यामुळे बर्फाळ उतारावर बायकांची पावले फार जपून पडत.

या पावाला टंचाईचा इतिहास जुनाच आहे. नाताळपूर्वीच्या उपवासात लोणी वर्ज्य होते. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी विनवण्या केल्यावर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी त्याची परवानगी दिली. पुढे पूर्व जर्मनीच्या काळात बदाम, बेदाणे आणि साखरेत मुरवलेली लिंबाची साल दुर्मिळ झाली. सालीच्या जागी गाजराचे आणि हिरव्या टोमॅटोचे पाकवलेले तुकडे बाजारात आले.

अशाच एका गावात एक प्रौढ विधवा राहत असे. तिची धाकटी बहीण १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वीच पश्चिमेकडे गेलेली. दर हिवाळ्याच्या तोंडावर तिचे पार्सल येई. वर नियमाप्रमाणे लिहिलेले असे : भेटवस्तू, व्यापारी माल नव्हे. पार्सल उघडताना कॉफीचा आणि बदामांचा वास खोलीभर पसरे. ती हरखून जाई आणि त्याच क्षणी संकोचे. घेणाऱ्याचा हात नेहमीच खाली असतो, हे तिला विसरता येत नसे. म्हणूनच भट्टीतून निघालेला सर्वांत देखणा श्टोलन दरवर्षी पश्चिमेकडे रवाना होई. बदाम तिकडचे, मळणे, फुगवणे, भाजणे इकडचे. आईच्या हातची चव आली, असे बहिणीचे पत्र आले की तिचे मन निवांत होई.

१९७८ चा नाताळ नेहमीसारखाच गेला. आदल्या रात्री परंपरेप्रमाणे नऊ पदार्थ झाले : त्यात सॉसेज, आंबवलेली कोबी, बटाट्याचे गोळे आणि वर्षभर पैसा खुळखुळावा म्हणून मसूर. परंतु वर्षाच्या अखेरच्या दिवशी उत्तरेचा वारा आला आणि काही तासांत पारा वीस अंशांहून अधिक कोसळला. वाघिणींतला ओला लिग्नाइट कोळसा गोठून दगड झाला. वीजकेंद्रे अडखळली, दिवे गेले. नळांतून उष्णता पुरवणाऱ्या नव्या इमारती गारठल्या. तिच्या जुनाट घरातली कोळशाच्या विटांवर चालणारी कौलारी शेगडी तेवढी धगधगत राहिली.

शेजारी एकेक करून आले. चुलीवर बटाट्याचे सूप शिजले, शेगडीच्या कोनाड्यात उरलेले बेदाणे भरून सफरचंदे भाजली गेली. मग तिने माळ्यावरच्या थंडीत मुरत ठेवलेला शेवटचा श्टोलन आणून मेणबत्तीच्या उजेडात कापला. पाहुण्यांत एक पक्षनिष्ठ गृहस्थ होते. पश्चिमेकडची पार्सले म्हणजे भीक, असे ते एरवी उघड बोलत. त्यांनी पहिली फोड खाल्ली, दुसरीही घेतली. बदाम कोठले, हे त्यांनी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोळशाच्या विटांनी भरलेली बादली होती. ती कोणाची, हे तिने ओळखले आणि त्या माणसाविषयी तिला प्रथमच आपुलकी वाटली. हात खाली ठेवून राहणे त्यांनाही जमले नव्हते.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. बदाम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. त्या हिवाळ्यात बहिणीने पार्सल पाठवण्याचे काहीच कारण उरले नव्हते. तरीही तिने ते पाठवले. आणि इकडे थोरलीनेही दुकानात न जाता पीठ भिजवण्यासाठी त्याचीच वाट पाहिली.