आयला बेट आणि आमचा मोह

वार्षिकातल्या लेखाच्या पहिल्याच ओळीत दारू यावी, हे संपादक सरांना कितपत रुचेल, कोण जाणे. म्हणून आधीच सांगून टाकतो : मी प्यायलेलो नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षे पुरी व्हावी लागतात, वर परवाना लागतो, आणि मला अजून सहा वर्षे बाकी आहेत. मी फक्त पाणी वाढले.

गोष्ट गेल्या डिसेंबरातली. मेसचे पैसे थकले होते. इतवारीतल्या एका केटररकडे मी लग्नसराईत वाढप्याचे काम करतो. त्यांचा निरोप आला, "रामदासपेठेत बारा माणसांचे काम आहे, पांढरा सदरा घालून ये." बारा माणसांचे पाचशे रुपये! मी तडक सायकल काढली.

घरमालक आणि त्यांचे पाहुणे एकेकाळी एकाच वर्गात शिकलेले इंजिनिअर. दर तीन महिन्यांनी जमायचे, आणि दर वेळी व्हिस्कीला काहीतरी 'विषय' द्यायचा, असा त्यांचा नेम. त्या रात्रीचा विषय होता 'धूर'. हिरवळीवर लांब टेबल. त्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार बाटल्या, त्यांवर फक्त नंबर. प्रत्येकापुढे पोटाला फुगीर, तोंडाला निमुळते असे चार ग्लास, एक पेन्सिल, एक कागद. आणि औषधाच्या दुकानात मिळते तसले ड्रॉपर! व्हिस्कीत पाणी ओतायचे नसते, थेंब टाकायचे असतात, हे मला त्या दिवशी कळले. ताकीद अशी, की कोणी अत्तर लावायचे नाही, उदबत्ती लावायची नाही आणि स्वयंपाकघराचे दार उघडायचे नाही. आत सावजी मटण शिजत होते. ते सगळे आटोपल्यावर. सावजीचा एक घास गेला, की पुढे तासभर जीभ कुणाचे ऐकत नाही, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको.

मग यजमान उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आज आपण आयलाला जाणार आहोत."

आयला! माझ्या हातातला जग हिंदकळला. पाहुण्यांतही खसखस पिकली. पण ते खरेच एका बेटाचे नाव आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हे बेट आहे. तिथे दलदलीत हजारो वर्षे झाडपाला अर्धवट कुजून मातीचे थर साचले आहेत; त्याला म्हणतात पीट. ते विटांसारखे कापून वाळवायचे आणि जाळायचे. भिजवून मोड आणलेले जव त्या धुरावर वाळवले, की धूर दाण्यात शिरतो. दाण्याचा आंबवा, आंबवणाचा अर्क, आणि तो अर्क निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात. तोवर त्याला स्कॉच म्हणताच येत नाही. इतके होऊनही धूर टिकतो.

मला वाटले होते, आता माणसे प्यायला लागतील. ती लागली हुंगायला. ग्लास फिरवायचा, नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि आठवायचे. एक म्हणाले, टिंक्चर आयोडीन. दुसरे म्हणाले, ओला दोरखंड. काटोलकडे बागा असलेल्या एका काकांना दर ग्लासात संत्र्याची वाळलेली साल सापडत होती, त्यावर त्यांची यथेच्छ थट्टा झाली. तिसऱ्या नंबरावरून तर अर्धा तास वाद. कागद फाडला तेव्हा ती निघाली बंगळूरची, अमृत फ्यूजन : भारतातले जव आणि स्कॉटलंडचे धुरावले जव यांची मिळून केलेली. अमृतने आपली सिंगल मॉल्ट २००४ साली थेट ग्लासगोत विकायला नेली होती म्हणे. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हिंदुस्थानी म्हणून कुणीच ओळखली नव्हती.

माझी गोष्ट मात्र स्वयंपाकघरातली आहे. पहिल्या फेरीचे रिकामे ग्लास धुवायला आत आणले. थेंब दोन थेंब सुकत आले होते. एक ग्लास सहज नाकाशी नेला, आणि मी एकदम गडचिरोलीत, आमच्या गावच्या बांधावर होतो.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाल्गुनात मोह फुलायला आला, की झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात. नाहीतर पानांत फुले दिसत नाहीत. (याच आगीने कधी कधी जंगल पेटते, तेही खरे.) मग रात्रभर टपटप फुले पडत राहतात. उजाडायच्या आत आजी टोपली घेऊन निघते आणि तिच्यामागे आम्ही. खाली काळी राख, थंड झालेली, दवाने ओलसर. तिच्यावर पिवळट, रसाने टच्च भरलेली फुले. जळका पाला, ओली राख आणि त्यावर चढलेला तो गोड, किंचित घेरी आणणारा वास. तो त्या ग्लासात होता. गोडवा जरा कमी, राख जरा जास्त.

"काय हुंगून राहिला बे? धू लवकर!" महाराज ओरडले.

तेवढ्यात एक पाहुणे पाणी मागायला आत आले. त्यांनी मला पाहिले होते. रागावले नाहीत. उलट विचारले, "काय रे, कसला वास आला?"

"जळलेल्या पाल्याचा, काका," मी म्हणालो. 'मोहाखालच्या' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो गिळला.

"वा! कुठला रे तू?"

"ब्रह्मपुरीकडचा."

माझे गाव ब्रह्मपुरीकडचे नाही. पहिल्या वर्षी वसतिगृहात आजीने दिलेला मोहफुलांच्या लाडवांचा डबा उघडला, तेव्हा खोलीत कुणीतरी नाक दाबले आणि वर्षभर माझे नाव 'भट्टी' पडले. तेव्हापासून अनोळखी माणसाला मी ब्रह्मपुरीकडचा असतो. लाडूही पाठवू नको म्हणून आजीला सांगितले.

थोड्या वेळाने बाहेर कागद वाचले गेले. काकांच्या कागदावर होते, 'जळलेला पाला'. यजमान म्हणाले, "आजचा सर्वोत्तम शब्द!" बंद दाराआडून मी ते ऐकले. काकांनी माझे नाव सांगितले नाही. ते तरी काय करतील, त्यांनी विचारलेच नव्हते.

पुढे ग्रंथालयात थोडे वाचले. स्कॉटलंडच्या डोंगरांतही एके काळी घरोघर चोरून दारू निघत असे, अधिकारी धाडी घालत, लोक भांडी दऱ्यांत लपवत. १८२३ च्या कायद्याने दहा पौंडांत परवाना मिळू लागला आणि चोरांचे कारखानदार झाले. इकडे मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहफुलांवर कायदा आला. ठाणे-कुलाब्याकडे झाडाखालचे फूल उचलण्यावरच बंधने आली. एकाच साम्राज्याचे हे दोन न्याय वाचून मी फार संतापलो होतो. मित्राला भाषणही ऐकवले.

पण ते भाषण आईपुढे करण्याची माझी छाती नाही. माझे थोरले काका मोहाच्याच दारूने गेले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी भट्ट्या पेटतात, आणि आमच्या गावातल्या फोडायला ज्या बाया गेल्या त्यांत आई पुढे होती. ती बरोबरच आहे. काकूला पाहिले, की दारूच्या बाजूने एक शब्द फुटत नाही. तरीही आजीची टोपली आणि काकांचा ग्लास एकच कसे, हे मला कळत नाही. आणि मी ज्याची लाज बाळगली ते त्या टोपलीतले फूल होते, दारू नव्हती.

होळीला गावी गेलो. पहाटे आजीबरोबर झाडाखाली बसलो आणि उगाच एक फूल घेऊन त्या मंडळींसारखे डोळे मिटले. राख. काकवी. पावसात भिजलेले गोणपाट. थोडी आंबट काकडी.

"काय पाहून राहिला रे बाबू?" आजी म्हणाली, "वेच ना."

परत निघताना लाडवांचा डबा मागून घेतला. तो खोलीत उघडाच ठेवतो. नाक दाबणाऱ्यानेच त्यातले चार संपवले.

आईने मात्र विचारले होते, मेसचे पैसे कुठून आणलेस म्हणून. मी म्हणालो, लग्नाच्या पंगतीत वाढून. हा अंक मी घरी नेणार आहे. आई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षराखाली बोट ठेवून, सावकाश वाचते. या पानापर्यंत यायला तिला दोन दिवस लागतील.